पाटी नसलेली गाडी

माझ्या दोड्डव्वाचा आवाज सोलापुरात काही लाख लोकांनी ऐकलाय आणि त्यांतल्या शंभरांनीसुद्धा तिचं तोंड पाहिलेलं नाही. मीही त्या न पाहिलेल्यांतलीच. मला जन्मापासून दिसत नाही. हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हळहळायला नको.

दोड्डव्वा म्हणजे आमच्या कानडीत थोरली आई, आईची मोठी बहीण. तिचं नाव महेश्वरी. पस्तीस वर्षं ती सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर नोकरीला होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांचे पास काढून द्यायची. एका दुपारी गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा घसा बसला, साहेब म्हणाले ज्याला नीट वाचता येतं त्याने बसावं, आणि ही बसली. अक्कलकोटची गाडी तिने आधी मराठीत पुकारली आणि मग, कुणी सांगितलं नसताना, कानडीत. फलाटावरच्या दोन म्हाताऱ्या उठून खिडकीपाशी आल्या, आपल्या बोलीत हाक कोण मारतंय ते बघायला. त्यानंतर तिला त्या खुर्चीवरून निवृत्तीपर्यंत कुणी उठवलं नाही.

घरातली दोड्डव्वा हाय-न्हाय बोलायची, चिडली की कानडीत शिरायची, आणि चिडायला तिला फारसं कारण लागायचं नाही. माइकसमोरची बाई वेगळीच. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' लहानपणी मला खरंच त्या दोन बायका वाटत. एक मला भाकरी कुस्करून द्यायची आणि दुसरी गावभरच्या लोकांना वाटेला लावायची.

पुकारण्याची तिची रीत ठरलेली होती. आधी अंगठ्याच्या नखाने माइकवर दोनदा टकटक. तेवढं एक नख ती राखायची, बाकी नऊ कापलेली. मग एक श्वास. मग सगळ्यांत आधी शेवटचं गाव, त्यानंतर वाटेतली गावं आणि फलाट सरतेशेवटी. इतर स्टँडवर आधी फलाट सांगत, ही तसं करायची नाही.

"मान्साला आदी कुटं जायाचं त्ये कळाय पायजे," ती म्हणायची. "मग त्यो बाकीचं ऐकतो. पाटी बगितल्याबिगर गाडीत चढू न्हाय."

माझी शाळा सुटली की मला स्टँडवर आणून सोडत. खिडकीच्या आत, तिच्या खुर्चीमागे एक सतरंजी असायची. उन्हाळ्याच्या दुपारी पंखा घरघरायचा, डिझेलचा आणि भज्यांचा वास यायचा, आणि वरून गावांची नावं अंगावर पडत राहायची. मंगळवेढा म्हटलं की मला हुरडा भाजल्याचा वास येई. वेळापूर म्हटलं की देवळातल्या गार दगडावर गाल टेकल्यासारखं वाटे. जेऊरला रेल्वेचं स्टेशन आहे हे कळल्यापासून त्या नावात मला लांबची शिट्टी ऐकू यायची. यातलं एकही गाव मी तोवर पाहिलं नव्हतं, म्हणजे पाय लावला नव्हता. झोपेत मी सगळीकडे जाऊन यायचे आणि संध्याकाळी दोड्डव्वा हलवून उठवायची तेव्हा क्षणभर कळायचं नाही की मी उतरले कुठे.

एक गाव मात्र मी तिच्या आवाजात कधी ऐकलं नाही. उमरग्याकडून किल्लारीला जाणारी गाडी लागली की ती माइक शेजारच्या माणसाकडे सरकवायची. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी तिला विचारलं नव्हतं. माणसं बदलली, साहेब बदलले, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जुना माणूस सांगून ठेवायचा, ती गाडी बाई पुकारत नाहीत. एकवीस वर्षं असं चाललं.

आता आईचं सांगायला हवं.

आईचं नाव निंगव्वा. आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात आई मला घेऊन सोलापूरला आली, अंधशाळेत माझं नाव घालायला. मी सहा वर्षांची. आठ दिवस आम्ही दोड्डव्वाकडे राहिलो. एकोणतीस तारखेला अनंत चतुर्दशी होती. घरचा गणपती बोळवायचा म्हणून आई दुपारच्या गाडीने गावी गेली. सोमवारी परत येणार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आमचं घर दगडमातीचं, जाड भिंतींचं होतं. आई, बाबा, आज्जी, कुणी उरलं नाही. सोलापुरात मांडणीवरची भांडी वाजली.

त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच: मी झोपेत आहे, मुठीत पदर आहे, धुऊन धुऊन मऊ झालेला. आणि कुणीतरी माझी मूठ सोडवतंय. करंगळीपासून, एकेक बोट. शेवटच्या बोटाला एक नख जरासं टोचतं. मग पदर नाही. हे मला अजूनही स्वप्नात येतं. स्वप्नात मी कधी रडत नाही, नुसती वाट बघते की आता पुढचं बोट.

बाकीचं मला दोड्डव्वाने सांगितलं. मी आठ वर्षांची होते तेव्हा तिने सांगितलं, "मी तुज्या आईला नको म्हनलं व्हतं. तिनं ऐकलं न्हाय." दहा वर्षांची झाले तेव्हा त्याच गोष्टीत आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता. बारा वर्षांची झाले तोवर माइकही दोनदा बंद पडला होता. मॅट्रिकला होते तेव्हा त्यात सकाळपासून रडणारं एक कुत्रं आलं. इतक्या खुणा होत्या, इतकं बजावलं होतं, आणि तरी माझी आई माझी मूठ सोडवून निघून गेली. मेलेल्या आईचा राग येणं ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही, पण राग होता. एकतीस वर्षं होता.

मी आता एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि उशिरा का होईना पीएच.डी. करते आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा जो संहार झाला त्यातून, त्या छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या माणसांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांतल्या मराठीत आलेल्या पुस्तकांवर माझा प्रबंध आहे. विषय म्हणाल तर पूर्वसूचना आणि उपरोध. परीक्षकांना असे शब्द लागतात. साध्या भाषेत सांगायचं तर असं: या पुस्तकांत लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, वाचणाऱ्यालाही असतो, फक्त पानावरच्या माणसांना नसतो. ती बिचारी पुढच्या वर्षासाठी पडदे शिवत असतात. आणि लिहिणारा मागे वळून बघतो तेव्हा त्याला वाटेवर खुणाच खुणा दिसतात. त्या तेव्हा होत्या की त्याने नंतर नेऊन ठेवल्या, हा माझा प्रश्न. तो मला का पडला असेल, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, गाईडनी सुचवला.

प्रबंध जवळजवळ झाला होता. एकच पुस्तक राहिलं होतं, आणि त्याच्यावाचून शेवटचं प्रकरण उभं राहत नव्हतं. हंगेरीतल्या एका लहान गावातल्या बाईच्या आठवणी. मराठी अनुवाद फार जुना, खिळ्यांच्या छपाईचा, अक्षरं झिजलेली. माझा फोन एरवी काहीही वाचून दाखवतो, पण या पुस्तकापुढे त्याने हात टेकले. 'म' ला 'भ' म्हणू लागला, मग नुसतेच आकडे ओकू लागला. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता.

"मी वाचते की," दोड्डव्वा म्हणाली. "आजून आवाज हाय माजा. न्हाय का?"

होता. अडुसष्ट वर्षांची झाली तरी आवाजाला सुरकुती नाही.

आम्ही राहतो साखर पेठेत. शेजारी तेलुगू विणकरांची घरं, भिंतीपलीकडे माग. दिवसभर खटक-खटक चालू असतं, त्यात वाचन ध्वनिमुद्रित करणं अशक्य. म्हणून ठरलं की आठवड्यात मागांची सुट्टी असेल त्या दुपारी वाचायचं. ती दुपार आमच्या गल्लीत वेगळीच असते. आवाज थांबला की आधी कान भांबावतात. मग हळूहळू इतर गोष्टी ऐकू येऊ लागतात. माठातून थेंब पडतो. दोन घरं सोडून कुणी तेलुगूत बाळाला झोपवतं. उन्हाने पत्रे तडकतात. अशा दुपारी माणूस जागा असतो की नाही हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. मी फोन मध्ये ठेवायचे, दोड्डव्वा सवयीने त्याच्याशेजारी टेबलावर नखाने टकटक करायची आणि हंगेरीतलं ते गाव आमच्या खोलीत यायचं.

गाव छोटं होतं. बाईचे वडील छत्र्या दुरुस्त करत. पहिल्या प्रकरणात उन्हाळा आहे. आई बागेतल्या आलुबुखाराचा मुरंबा घालते, बारा बरण्या भरून फळीवर ठेवते, धाकट्या भावाला दटावते की हात लावू नकोस, हिवाळ्यात लागेल. एवढंच आहे. आणि दोड्डव्वाने ते असं वाचलं की मला अंगावर काटा आला, पण चुकीच्या जागी. प्रत्येक बरणीला तिचा आवाज भरून येत होता.

"दोड्डव्वा," मी म्हणाले, "मुरंबा घालताहेत गं. मयताचं सामान आणत नाहीत."

"व्हय, पर त्यो मुरंबा कुनी खानार न्हाय की."

"हे तुला कसं ठाऊक?"

मग मला कळलं. कानांनी आधीच ऐकलं होतं, लक्षात आलं नव्हतं. बसल्या बसल्या तिने पुस्तक मागच्या बाजूने उघडलं होतं. शेवटचं पान आधी वाचून घेतलं होतं. पाटी बघितली होती!

मी डोक्याला हात लावला. जगात कुणी गोष्ट अशी वाचत असेल तर तो गाड्या पुकारणारा माणूसच असणार. मी तिला समजावलं की पहिल्या पानावरच्या बाईला शेवटचं पान ठाऊक नाही. तू तिच्यासारखं वाच.

"कुटं जायाचं त्ये ठाऊक नसताना मी पुकारू कशी?" ती म्हणाली. "तोंडातनं शब्दच निगत न्हाय."

"तिला ठाऊक नाही, दोड्डव्वा."

"मला हाय की! मी काय करू?"

माझा अख्खा प्रबंध तिने त्या एका वाक्यात मांडला होता, आणि मी मात्र वैतागले होते.

ते प्रकरण आम्ही तीन आठवडे वाचलं. दर वेळी ती शपथेवर सांगायची की आता नीट वाचते, आणि दर वेळी बरण्यांपाशी आली की आवाजाला ओल यायची. शेवटी मी नाद सोडला. पुढे गेलो. पुढे गावात हुकूम येतात, दुकान बंद होतं, घर सोडून सगळ्यांना वीटभट्टीच्या आवारात आणून ठेवतात. इथे तिचा आवाज बरोबर लागत होता. मला वाटलं, चला, पार पडलं.

मग आगगाडीचं प्रकरण आलं. मालगाडीचे डबे, माणसं कोंबलेली, कुठे नेताहेत हे कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं शेतावर कामाला, कुणी म्हणतं कारखान्यात. दोड्डव्वा वाचता वाचता थांबली.

"गाडीला पाटी न्हवती?"

"नव्हती."

"मग पुकारली कुनी?"

"कुणी नाही पुकारली."

"आनि इचारायचं कुनाला? खिडकी न्हाय?" तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "एवडी मानसं चढली, आनि कुनी सांगितलंच न्हाय कुटं जातीय?"

उपासमार, मारहाण, सगळं तिने वाचलं होतं, पण या गोष्टीने ती हलली. मला तिचं कौतुक वाटलं आणि मी मनात टिपून घेतलं की हे प्रबंधात घालायचं. असा माझा स्वभाव. ती पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली.

स्टेशनावर गर्दीत बाईचा धाकटा भाऊ मागे राहतो, दुसऱ्या रांगेत ढकलला जातो. दारं लागायची वेळ होते. आई ओरडते. तेव्हा रेल्वेचा एक माणूस त्या मुलाला उचलतो, दार लावणाऱ्या शिपायाला हाताने थांबवतो, आणि त्याला आईच्या डब्यात चढवतो, घरच्यांची ताटातूट नको म्हणून. आई आपल्या बोचक्यातून मुरंब्याची जपून आणलेली एक बरणी काढते आणि त्या माणसाच्या हातात देते. 'तो माणूस दयाळू होता,' बाईने लिहिलं आहे. 'माझ्या भावासाठी त्याने गाडी थांबवली.' त्या डब्यातून परत आली ती एकटी बाई.

असा उतारा सापडला की मी टिपणात 'उपरोध' एवढा एक शब्द टाकते आणि पुढे जाते. त्या दिवशी टाकला नाही, कारण दोड्डव्वाने 'गाडी थांबवली' म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

माठातून थेंब पडत होता.

"त्ये यंत्र बंद कर," ती म्हणाली.

मी फोनला हात लावला नाही. विसरले असं सांगता येईल, पण विसरले नव्हते.

"निंगी जानार न्हवती त्या दिवशी," दोड्डव्वा म्हणाली. "तू तिच्या मांडीवर झोपलीस. माज्या खुर्चीमागं, सतरंजीवर. पदर मुठीत धरून. दीडची गाडी लागली, मी पुकारली. ही उठंच ना. म्हनली, अक्का, पोर आत्ता कुटं झोपलीया. जाऊ दे ही गाडी, राहते मी आज. ह्ये हायती की गनपती बोळवायला."

तिने मिटलेलं पुस्तक बाजूला सरकवलं.

"आनि मी म्हनले, येडी का काय? सनासुदीचा दिस, सासू काय म्हनंल? ऊठ. तंवर डायवर गाडी मागं घ्याया लागला की. मी माइक वडला. पुकारलं, दोन मिंटं थांबा. कदी कुनासाटी थांबवली न्हवती मी गाडी, मोट्या सायबासाटी बी न्हाय. भनीसाटी थांबवली. तरी ती उठंना, पदर तुज्या मुठीत. मग मीच खाली बसले, आनि सोडवली मूठ. एकेक बोट."

"कुणी सोडवली?" मी विचारलं. ऐकलं होतं, तरी विचारलं.

"मी सोडवली, पायल."

मी हात पुढे केला आणि तिचा हात ओढून घेतला. अंगठा चाचपला. नख होतं. माइक सुटून दहा वर्षं झाली, पण नख तिने राखलेलंच होतं, आणि मी ते आयुष्यभर ऐकत आले होते, माइकवर, टेबलावर, माझ्या डोक्यात तेल घालताना. पूर्वसूचनेवर तीनशे पानं लिहिणाऱ्या बाईला स्वप्नातलं नख ओळखता आलं नाही.

"आणि नको जाऊ म्हणाली होतीस ते?"

"कवा म्हनले न्हाय." ती आता रडत होती, पण बोलत होती. "लोक समाचाराला आली. त्यातली एक बाई म्हनली, तुला कसं गं काय वाटलं न्हाय? मी म्हनले, वाटलं व्हतं. तोंडातनं गेलं. मग त्येच सांगत बसले. दर बारी थोडं जास्ती."

"चप्पल?"

"नवी व्हती. माजीच दिल्याली."

"माइक?"

"माइकला काय धाड भरली व्हती? झकास चालत व्हता."

मला राग आला. सरळ सांगते, फार आला. वाटलं उठून जावं, या बाईचा आवाज पुन्हा कानावर पडू नये. मी ज्या आईवर एकतीस वर्षं रुसून बसले होते ती आई मला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला उठायचं नव्हतं. मी तिला धरून ठेवलं होतं, आणि तेवढं पुरलंही होतं. सहा वर्षांच्या मुठीने आपलं काम केलं होतं. आणि या बाईने प्रेमाने, सणासुदीचं म्हणून, ती उघडली.

पण रागाच्या खालून दुसरंही काही वर येत होतं आणि त्याला थांबवणं मला जमेना. आईला जायचं नव्हतं. हे एवढंच. आईला माझ्याजवळून उठायचं नव्हतं. भर दुपारी, उन्हात, मागांची सुट्टी असताना मला माझी आई मिळाली होती आणि ती मिळवून देण्यासाठी दोड्डव्वाने स्वतःजवळचं सगळं टाकून दिलं होतं. तिला मी एकटीच आहे. मी उठून गेले असते तर तिच्याकडे काय उरलं असतं? हे तिला बोलण्याआधी ठाऊक होतं. शेवटचं पान वाचूनच ती बोलायला बसली होती.

बाळ झोपलं असावं, तेलुगू अंगाई थांबली होती.

"पुकार," मी म्हणाले.

"काय?"

"ती गाडी. त्या दिवशी पुकारलीस तशी. तशीच्या तशी."

"पायल, न्हाय हुनार माज्याच्यानं."

"मी झोपले होते, दोड्डव्वा. मला ऐकू आलं नाही तेव्हा. आता ऐकव."

तिने नाक पुसलं. मग टेबलावर नख वाजलं, दोनदा. एक श्वास.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. किल्लारी. नळदुर्ग, उमरगा मार्गे किल्लारीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे. वाहकांना विनंती आहे, गाडी दोन मिनिटं थांबवावी. एक प्रवासी येत आहेत."

मी नीट कान देऊन ऐकलं. मला तेवढं एकच काम चांगलं येतं. त्या आवाजात काही नव्हतं. थरथर नाही, खूण नाही, कुत्रं नाही, काळ नाही. एका कामात गुंतलेल्या, जराशा घाईतल्या, बहिणीसाठी गाडी थांबवली म्हणून आतून थोड्या फुशारलेल्या सदतीस वर्षांच्या बाईचा तो आवाज होता. एकतीस वर्षांनी तिने ते नाव उच्चारलं आणि ते इतर कुठल्याही गावासारखं निघालं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, पळाली. नवी चप्पल फटाफट वाजवत. निम्म्या वाटंतनं वळली आनि वराडली, अक्का, समद्या स्टँडाला सांगितलंस की गं! आनि हसली. लई हसली. कंडक्टर बी हसला."

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. इतक्या खुणांच्या गर्दीत आईच्या हसण्याला जागाच उरली नव्हती. मी ते हसू मनात वाजवून बघितलं, कसं असेल, दोड्डव्वासारखं की माझ्यासारखं. चपलांचा आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू येत होता. उन्हात, डांबरावर, लांब लांब जाणारा.

मी तिचा हात धरूनच होते.

"पहिलं प्रकरण परत वाच," मी म्हणाले. "मुरंब्याचं. आत्ता पुकारलंस त्याच आवाजात."

तिने पुस्तक उघडलं, या वेळी पुढच्या बाजूने. त्या वर्षी आलुबुखार खूप आलं होतं, तिने वाचलं. फांद्या वाकल्या होत्या. आईने बारा बरण्या भरल्या, झाकणांना फडकी बांधली, आणि धाकट्याला दटावलं की हात लावू नकोस, हिवाळ्यात लागेल. दोड्डव्वाने ते असं वाचलं की मला त्या पोराची बरणीकडे गेलेली नजर कळली. मला भूक लागली.

ओळ संपली. पान उलटायचं होतं. तिचा उजवा हात माझ्या मुठीत होता, घट्ट, आणि पुस्तक जुनं, जाडजूड, एका हाताने आवरण्यासारखं नव्हतं. ती थांबली. मला वाटलं, आता सोडवेल. मग कागद वेडावाकडा फडफडला, पुस्तक मांडीवरून घसरलं, तिने ते गुडघ्याने अडवलं, कानडीत त्याला काहीतरी शिवी दिली आणि डाव्या हातानेच पान उलटलं.